शिक्का ओळखीचा, भाकिताचा नव्हे

आपल्या हट्ट्यातून सत्तरीच्या एखाद्या माणसाला नांदेडला किंवा संभाजीनगरला नेतात. अक्यूट ल्युकेमिया, म्हणजे झपाट्यानं वाढणारा रक्ताचा कर्करोग निघतो. मग रिपोर्ट हाती येतो : ‘सीडी ३४ पॉझिटिव्ह, सीडी ३३ पॉझिटिव्ह’. घरचे मोबाईलवर शोधतात, कुठंतरी ‘वाईट लक्षण’ असं वाचतात आणि म्हणतात, ‘आता या वयात कशाला हाल करायचे?’ मी डॉक्टर नाही, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण ही चूक अनुमानाची आहे, म्हणून बोलतो.

आधी सीडी म्हणजे काय ते पाहू. पेशीच्या पृष्ठभागावर निरनिराळी प्रथिनं असतात. १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच खुणेला चिकटणारी प्रतिपिंडं बनवण्याची रीत शोधली. पुढं १९८२ पासून या खुणांना सीडीचे क्रमांक मिळू लागले. प्रतिपिंडाला चमकणारा रंग लावतात, पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडतात आणि कोणती खूण आहे ते मोजतात. मोंढ्यात पोत्यावर मार्का असतो ना, तसंच हे. सीडी १९ बहुधा बी-लिम्फोसाइटच्या कुळाची, सीडी ३३ मायलॉइड कुळाची, तर सीडी ३४ अपक्व पेशीची खूण. मार्का माल ओळखायला. भाव त्यावर लिहिलेला नसतो.

मग भाकीत? न्यायशास्त्रात एक जुना दाखला आहे. धूर दिसला तर अग्नी आहे म्हणता येतं. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाला कुठं धूर असतो? धुराला ओलं सरपण लागतं. त्या ओल्या सरपणाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात.

सीडी ३४ चं तसंच आहे. काही अभ्यासांत ती असलेल्यांचा निकाल वाईट दिसला, काहींत फरक दिसला नाही. एनपीएम१ जनुकातला बदल असलेल्या, तुलनेनं बऱ्या प्रकारात सीडी ३४ बहुधा नसते. म्हणजे जोर खुणेचा कमी, मागच्या जनुकाचा जास्त. म्हाताऱ्या माणसात तर ओलं सरपण पुष्कळ : गुणसूत्रांतले गुंतागुंतीचे बिघाड, आधीचा अस्थिमज्जेचा आजार, थकलेलं हृदय, किडनी. म्हणून २०२२ च्या युरोपीय प्रतवारीचा आधार गुणसूत्रं आणि जनुकं आहेत. तीही मुख्यतः जोरदार केमो घेतलेल्यांवरून बांधलेली. सौम्य उपचार घेणाऱ्या वृद्धांना जशीच्या तशी लागू पडत नाही.

आणि खुणेचा अर्थ बदलतो. सीडी ३३ वर नेम धरणारं औषध अमेरिकेत २००० साली साठीपुढच्या, आजार उलटलेल्या रुग्णांसाठी मंजूर झालं, २०१० मध्ये मागं घेतलं, २०१७ मध्ये कमी मात्रेत परत आलं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या, सीडी १९ वर नेम धरणाऱ्या कार-टी उपचाराला भारतात २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. तो सगळ्यांसाठी नाही. पण खूण ही औषधाचा पत्ताही असू शकते, एवढं लक्षात घ्या.

या वयात हा आजार अवघडच, खोटी आशा मी देणार नाही. फक्त रिपोर्ट घेऊन घरी परतण्याआधी डॉक्टरांना विचारा : कूळ कोणतं? गुणसूत्रं-जनुकांचा तपास झाला का? ॲझासिटिडीन-व्हेनेटोक्लॅक्ससारखा सौम्य उपचार झेपेल का? आणि ज्याचा आजार आहे, त्यालाही विचारा, बाबा, तुम्हाला काय हवंय? ते कुठल्याच सीडीत लिहिलेलं नसतं.