कुनो राष्ट्रीय उद्यान : हद्दीच्या वाटाघाटी आणि विस्थापितांचा प्रश्न

‘हद्द’, ‘हक्क’ आणि ‘दावा’ हे तिन्ही शब्द मूळ अरबी. राष्ट्रीय उद्यान स्थापन करण्याची सारी प्रक्रिया या तीन शब्दांत सामावलेली आहे. हद्द कोणी आखायची, तिच्या आत कोणाचे हक्क उरतात आणि दावा कोणापुढे मांडायचा? मध्य प्रदेशातील श्योपूर जिल्ह्यातील कुनोचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

प्रथम कायदा पाहू. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार अभयारण्यात रहिवाशांचे काही हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात मात्र जमिनीवरील सर्व हक्क शासनाकडे जातात आणि गुरे चारण्यास पूर्ण बंदी असते. म्हणून ‘अभयारण्या’चे ‘राष्ट्रीय उद्यान’ होणे हा केवळ नामांतराचा विषय नाही.

कुनो-पालपूर अभयारण्य 1981 मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 345 चौरस किलोमीटर होते. आशियाई सिंह केवळ गुजरातमधील गीर परिसरातच उरल्याने एखाद्या साथीत ही जातच नष्ट होण्याचा धोका होता. यासाठी दुसरे घर म्हणून 1990 च्या दशकात कुनोची निवड झाली. त्याकरिता 24 गावांतील सुमारे दीड हजार कुटुंबे हलविण्यात आली. त्यांत बहुसंख्य सहरिया आदिवासी होते. त्यांना शेतजमीन मिळाली, परंतु डिंकासारख्या वनोपजावरची रोजची मिळकत तुटली.

गावे उठली, पण सिंह आले नाहीत. गुजरात शासनाने सिंह देण्यास नकार दिला. सिंह हा राज्याचा अभिमान आहे, कुनोत भक्ष्य अपुरे आहे, तेथे वाघांचा वावर आहे, क्षेत्रही लहान आहे, असे आक्षेप वेळोवेळी पुढे आले. 15 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत सिंहांचे स्थलांतर करण्याचा आदेश दिला. तरीही वाटाघाटी संपल्या नाहीत. डिसेंबर 2018 मध्ये मध्य प्रदेश शासनाने हद्द वाढवून सुमारे 748 चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान घोषित केले. म्हणजे क्षेत्र दुपटीहून अधिक झाले आणि लहान क्षेत्राच्या आक्षेपाला नकाशाने उत्तर मिळाले.

पुढे 2020 मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर आफ्रिकी चित्ते आणण्यास संमती दिली. 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते आले. ज्यांनी सिंहांसाठी घरे सोडली, त्यांच्या जागेवर दुसराच प्राणी वसविण्यात आला.

या घटनाक्रमात दोन राज्ये, केंद्र शासन आणि न्यायालय यांच्यात तीन दशके विचारविनिमय चालला. प्रत्येकाला नकार देण्याची, मुदत मागण्याची, पुन्हा मांडणी करण्याची सोय होती. सहरिया कुटुंबांचा निर्णय मात्र पहिल्याच टप्प्यात झाला आणि प्रकल्पाचा हेतू बदलला तेव्हाही तो फिरविता येण्याजोगा राहिला नाही. संवर्धनाची गरज निर्विवाद आहे. परंतु प्राणी येण्याची हमी मिळण्यापूर्वी माणसे हलविणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न उरतो.

पर्यावरणशास्त्र हा विषय पदवी वर्गांना अनिवार्य असल्याने अध्यापकांनी 1981 आणि 2018 या दोन हद्दी विद्यार्थ्यांकडून एकाच नकाशावर काढून घ्याव्यात. त्यांच्या आतील गावांची नावेही लिहून घ्यावीत.