जिभेत मणी, दातांना धोका

महिला मंडळाच्या बैठकांत अलीकडे एक प्रश्न येतो. “पोरगी जीभ टोचून घ्यायची म्हणते. आपण नाक-कान टोचलेच की, मग जिभेनं काय बिघडतं?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर रागाने नव्हे, माहितीने द्यायला हवे.

कानाची पाळी कोरडी असते, जागची हलत नाही. तोंड मात्र कायम ओले आणि जंतूंनी भरलेले. बोलताना, खाताना, गिळताना जीभ सतत हलते. तिच्यातून आरपार घातलेल्या दांडीचे मणी दातांवर आपटत राहतात. मुलांना तो मणी चावण्याची, हिरडीवर घासण्याची सवय लागते.

त्यामुळे दातांचे टवके उडतात, चिरा पडतात. खालच्या पुढच्या दातांची आतली हिरडी हळूहळू खाली सरकते. ओठात मणी असेल तर बाहेरची हिरडी सरकते. सुरुवातीला दुखत नाही, आतली बाजू आरशातही सहज दिसत नाही; म्हणून कळायला उशीर होतो. पुढे दाताचे मूळ उघडे पडते, थंड-गरम झोंबते, हाड झिजते आणि दात हलू लागतो. सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही. सोळाव्या वर्षीच्या हौसेपायी पंचविशीत रूट कॅनल आणि टोपीचा खर्च, हे रोजंदारीवरच्या घराला परवडणारे नाही.

दुसरा धोका सुईचा. अस्वच्छ सुईतून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्हीची लागण होऊ शकते. ज्यांच्या हृदयाची झडप खराब आहे, त्यांच्या बाबतीत तोंडातले जंतू रक्तातून थेट झडपेवर बसू शकतात. अशा मुलांनी तर जीभ टोचूच नये. न टोचता लावायचे चुंबकाचे मणीही सुरक्षित नाहीत. दोन मणी गिळले गेले तर आतडी एकमेकांना चिकटून भोक पडू शकते.

टोचून झालेच असेल, तर :

• सर्वांत चांगले म्हणजे काढून टाकणे. भोक बहुधा लवकर बुजते. मात्र पू झाला असेल तर स्वतः काढू नका, डॉक्टरांना दाखवा.
• ठेवायचेच असेल, तर सूज उतरल्यावर लांब दांडी बदलून आखूड घाला. मणी घट्ट आहेत का ते स्वच्छ हातांनी रोज पाहा.
• कबड्डी, कुस्ती खेळताना काढून ठेवा.
• दर सहा महिन्यांनी दात तपासून घ्या. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालये आहेत.
• जबड्याखाली सूज, ताप, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाल्यास सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

घरात मार बसेल या भीतीने मुले चोरून टोचतात आणि सूज आली तरी लपवतात. खरा घात त्या लपवण्यात आहे. कुणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही तथागतांची शिकवण. रील दाखवते म्हणून टोचू नये आणि आई ओरडते एवढ्यासाठीच थांबूही नये. ही माहिती मुलांसमोर ठेवा, त्यांना प्रश्न विचारू द्या आणि काही झाले तर आधी घरी सांगता येईल एवढा विश्वास द्या.

जय भीम!