लहान पातेलं लवकर तापतं

मे महिन्यात वसईहून ताई आली की आमच्या सिकंदराबादच्या घरात एकच चर्चा असते, या वेळी कुठे जायचं? गेल्या वर्षी उत्तर तयार होतं. भाचा वीस महिन्यांचा झाला होता, दुडूदुडू चालायला लागला होता, आणि शहराबाहेरचं थीम पार्क आम्ही कोणीच अजून पाहिलं नव्हतं. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही नऊ जण निघालो आणि पोचेपर्यंत साडेअकरा वाजले. मला उंच राइडची भीती वाटते, म्हणून बाबागाडी माझ्याकडे आली.

दुपारी दीडच्या सुमारास भाच्याच्या तोंडावर ऊन येत होतं, म्हणून मी बाबागाडीवर माझी ओढणी टाकली. पंधरा-वीस मिनिटांनी आतली चुळबुळ थांबली. “झोपला वाटतं,” मी आईला म्हणाले. “गुणाचं गं लेकरू,” आई म्हणाली. आम्ही दोघी ताईची वाट बघत राहिलो. ताई आली, तिने ओढणी बाजूला केली आणि तिचा चेहराच उतरला. भाचा झोपलेला नव्हता. गाल लालबुंद, मान ढिली, अंग तव्यासारखं. डोळे अर्धवट उघडे होते, पण हाक मारली की नजर फार उशिरा वळत होती.

प्रथमोपचाराच्या खोलीत नर्सबाईंचं पहिलं वाक्य होतं, “पहले कपडे निकालो इसके.” मग पाण्यात भिजवलेला टॉवेल, त्यावर पंखा, आणि तो जरा सावध झाल्यावर चमच्याचमच्याने पाणी. थर्मामीटर ३८.६ दाखवत होता. अर्ध्या तासाने त्याने नर्सबाईंच्या हातातला चमचा हिसकावून घेतला, तेव्हा कुठे ताई रडायला लागली.

पुढे काही वाईट झालं नाही. पण ओढणी माझी होती आणि ती मी मायेने टाकली होती, हे अजून टोचतं. नंतर मी वाचलं, आमच्या डॉक्टरांना विचारलं. जे समजलं ते इथे लिहिते आहे. तुम्ही म्हणाल, हे आई-बाबांनी वाचावं, आम्हा विद्यार्थ्यांना काय त्याचं? पण सहलीत मोठी माणसं तिकिटं, जेवण आणि आजीचे गुडघे सांभाळत असतात. मूल या हातातून त्या हातात फिरत शेवटी मावशीकडे, मामाकडे, काकाकडे येतं. म्हणजे आपल्याकडेच.

पातेलं आणि माठ

स्वयंपाकघरातलं साधं निरीक्षण आहे: एकाच आचेवर लहान पातेलं मोठ्या पातेल्याच्या आधी तापतं. मुलांचंही तसंच आहे. वजनाच्या मानाने लहान मुलाची त्वचा मोठ्या माणसापेक्षा जास्त असते. अकरा किलोचं मूल आणि साठ किलोचा माणूस घेतला, तर मुलाच्या वाट्याला किलोमागे दीडपटीहून जास्त त्वचा येते. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. बाहेरची हवा त्याहून गार असेल, तर ही जास्तीची त्वचा फायद्याचीच, कारण तिच्यातून उष्णता बाहेर जाते. पण हवा ४० अंशांवर गेली की उलटं होतं. तीच त्वचा बाहेरची उष्णता आत घेते, आणि मूल आपल्याआधी तापतं.

मग शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम. घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता टपकून गेला तर जवळजवळ काहीच नाही. माठातलं पाणी याच नियमाने गार होतं. मातीतून पाझरलेलं पाणी बाहेर वाळतं आणि आतल्या पाण्याची उष्णता नेतं. माठ गार राहायला तीन गोष्टी लागतात: आत पाणी, बाहेर वारा, आणि सावली. मुलालाही याच तीन लागतात. फरक एवढाच, की लहान मुलांना घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो. त्यामुळे त्यांच्या माठाला बाहेरून आपणच पाणी लावावं लागतं.

उकाडा आणि रखरख

वसईत मे महिन्यात पारा ३३-३४ च्या आसपास असतो, तरी जीव नकोसा होतो. हैदराबादला पारा चाळिशी ओलांडतो, पण सावलीत जरा बरं वाटतं. आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. वसईचा तो उकाडा, इथली ती रखरख. साहित्याच्या वर्गात मला हे नुसते वर्णनाचे शब्द वाटायचे. आता वाटतं, यात उपायही सांगितलेला आहे.

उकाड्यात हवा आधीच ओलसर असते, घाम वाळत नाही. तिथे ओल्या कपड्याचा उपयोग कमी, सावली आणि एसी हाच खरा आधार. रखरखीत हवा कोरडी असते, ओला कपडा झटपट वाळतो आणि अंग गार होतं. म्हणूनच हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेरकडच्या घरांत पाण्याचा कूलर चालतो आणि कोकणात, गोव्यात तो नुसती दमट हवा फेकतो. ताई वसईच्या सवयीने मुलाचं अंग सारखं पुसून कोरडं करत होती. इथे ते ओलं ठेवायला हवं होतं.

पंख्याचंही असंच. हातातला छोटा बॅटरीचा पंखा सगळेच घेतात. पण हवा ४० अंशांची असताना कोरड्या अंगावर वारा सोडला, तर गरम हवाच अंगावर येते. आधी मान, छाती, हात-पाय ओल्या रुमालाने भिजवायचे, मग पंखा लावायचा.

ओढणी का चुकली?

बाबागाडीवर कोरडं कापड टाकलं की सावली मिळते, पण वारा अडतो. मुलाच्या अंगाची उष्णता आणि ओल आतच कोंडते. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी उन्हात बाबागाड्या ठेवून हे तपासलं आहे. कोरड्या कापडाखाली आतली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त तापली. पातळ मलमल ओली करून टाकली तेव्हा आतली हवा उलट गार झाली. सोबत छोटा पंखा लावला तर आणखी बरं. पण कापड दर थोड्या वेळाने पुन्हा भिजवावं लागतं, आणि एक बाजू उघडी ठेवावी लागते, म्हणजे वारा खेळतो आणि मूलही दिसतं. बाबागाडीचं छत किंवा छत्री वापरली तर हा प्रश्नच येत नाही.

बाबागाडीतलं मूल जमिनीच्याही जवळ असतं. आपल्या तोंडाशी जी हवा असते, त्यापेक्षा तापलेल्या फरशीजवळची हवा जास्त गरम असते. मग कडेवर घ्यावं का? थोडा वेळ चालतं. पण पोटाशी बांधायच्या पट्ट्याच्या झोळीत मूल तासन्‌तास ठेवलं, तर आपल्या अंगाची उष्णता त्याला आणि त्याची आपल्याला. घट्ट कपड्यांचं तेच. सैल, फिका, सुती सदरा आणि रुंद काठाची टोपी. सावलीत आलात की टोपी काढा, डोक्याला वारा लागू द्या.

दिवस पार्कचा नाही, मुलाचा

आमची मोठी चूक ओढणीच्याही आधीची होती. तिकिटाचे पैसे वसूल करायचे, म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरायचं असं आम्ही ठरवलं होतं. खरं तर बहुतेक राइडना उंचीची अट असते, वीस महिन्यांच्या मुलाला त्यात बसताच येत नाही. त्याच्या दृष्टीने सहल म्हणजे झाड, पाणी, आणि दिसलं तर एखादं माकड. त्यासाठी भर दुपारी उन्हात उभं राहायची काहीच गरज नाही.

या वर्षी आम्ही दिवसाचे तीन भाग केले आहेत. सकाळी दार उघडल्यावर पहिला तास बाहेर. बारा ते चार आत, म्हणजे एसी सभागृहातला खेळ, जेवण, आणि मुलाची दुपारची झोप. चारनंतर पुन्हा बाहेर. बरीच पार्कं बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण बाळाचं खाणं-पाणी सहसा चालतं. आदल्या दिवशी फोन करून विचारावं, आणि प्रथमोपचाराची खोली कुठे आहे तेही विचारून ठेवावं.

पाण्याच्या खेळांत मूल खूश असतं आणि गारही राहतं. पण पाण्याबाहेरची फरशी आणि घसरगुंडीचा पत्रा पाय पोळतो. चपला काढू नका, बसवण्याआधी तिथे आपला तळहात ठेवून बघा. आणि पाण्यात मूल कायम हाताच्या अंतरावर.

गाडीबद्दल एवढंच, की बंद गाडी उन्हात दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास तापू शकते. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. “झोपलाय, राहू दे गाडीत, पाच मिनिटांत येतो” हे वाक्य घरात कोणीच म्हणायचं नाही.

पाणी, आणि त्या पाकिटाबद्दल

या वयाचं मूल खेळात असताना तहान सांगत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट, मागितलं नाही तरी. अंगावर पीत असेल तर ते चालू ठेवायचंच. काकडी, कलिंगड, ताक चांगलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र वरचं पाणी नाही, आईचंच दूध जास्त वेळा. खरं म्हणजे एवढ्या लहान बाळाला अशा सहलीला नेऊच नये.

ओआरएस औषधाच्या दुकानातून घ्या आणि पाकिटावर जेवढं पाणी लिहिलं असेल तेवढ्यातच पूर्ण पाकीट विरघळवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. दुकानात फ्रीजमध्ये ओआरएस नावाने मिळणाऱ्या काही गोड पेयांत साखर याच्या कित्येक पट असायची. त्याविरुद्ध आपल्या हैदराबादच्याच बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षं लढा दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने हे सूत्र न पाळणाऱ्या पेयांच्या नावातून ओआरएस हा शब्द काढायला लावला. तरी पाकीट वाचून घ्यायची सवय बरी.

शांत मूल म्हणजे गुणी मूल नव्हे

मला सगळ्यात जास्त हे सांगायचं आहे. रडणारं, किरकिरणारं मूल आपल्याला काहीतरी कळवत असतं. भर उन्हात अचानक गप्प झालेल्या मुलाकडे आधी बघायला हवं. कपाळ नाही, मान आणि पाठ हाताने तपासा. लालबुंद चेहरा, मलूलपणा, रडताना डोळ्यांत पाणी नसणं, सहा तास कोरडा डायपर, ही पहिली सूचना. लगेच सावलीत किंवा एसीत न्या, कपडे काढा, अंग भिजवा, वारा घाला, घोट घोट पाणी द्या.

मूल हाकेला ओ देत नसेल, झटके येत असतील, सारखी उलटी होत असेल किंवा ताप ४० च्या घरात असेल, तर तो उष्माघात समजायचा. १०८ ला फोन करा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंग भिजवणं, वारा घालणं थांबवू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, त्यात वेळ घालवू नका.

आणि एक घरगुती नियम. नऊ माणसांच्या सहलीत प्रत्येकाला वाटतं, मुलाकडे दुसरं कोणीतरी बघतंय. म्हणून या मे महिन्यात आम्ही तासाच्या पाळ्या लावल्या आहेत. ज्याची पाळी त्याने मान बघायची, डायपर बघायचा, पाणी पाजायचं आणि पुढच्याला तोंडाने सांगून मूल सोपवायचं. पहिली पाळी मी मागून घेतली आहे. पिशवीत मलमलचं पातळ कापड आहे, पाण्याची बाटली आहे. ओढणी घरीच ठेवणार आहे.