सहा विद्यार्थ्यांचं कॉलेज आणि तुमचा पहिला गाळा



मागच्या बॅचमध्ये घरगुती मसाले करणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "सर, मोक्याचा गाळा मिळतोय. डिपॉझिटसाठी दागिने गहाण ठेवू का?"

मी गप्प झालो. कारण हे मी स्वतः केलंय. पहिलं दुकान बरं चाललं होतं, म्हणून मेन रोडला दुसरं घेतलं. डिपॉझिट, फर्निचर, एसी, सगळं एकदम. अकरा महिन्यांत शटर खाली! बायकोच्या पाटल्या सोडवायला तीन वर्षं लागली.

म्हणून ताईंना मी एका कॉलेजची गोष्ट सांगितली. तुम्हीही वाचा.

अमेरिकेत शिकागोपासून साधारण ६० किलोमीटरवर जोलिएट नावाचं शहर आहे. पोलादाचे कारखाने, चुनखडीच्या खाणी, कामगारांची वस्ती. तिथल्या मुलांना हायस्कूलनंतर शिकायचं तर बाहेरगावी जावं लागायचं. म्हणजे फी वेगळी, राहण्याखाण्याचा खर्च वेगळा. किती जणांना परवडणार?

तिथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅनली ब्राऊन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी १९०१ मध्ये एक प्रयोग केला. कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास हायस्कूलमध्येच शिकवायचा. मुलं घरी राहून शिकतील आणि पुढे विद्यापीठात जातील.

पहिल्या बॅचला विद्यार्थी किती? फक्त सहा!

आता हेच दुकानदाराच्या नजरेनं बघा. कॉलेजसाठी वेगळी इमारत बांधली नाही. 'जोलिएट ज्युनियर कॉलेज' हे नावसुद्धा नंतर मिळालं. आधी काय होतं? गिऱ्हाइकाची खरी अडचण आणि हातात असलेली जागा.

मग मागणी वाढत गेली. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगानं अशा कम्युनिटी कॉलेजांचं जाळं देशभर उभं करायची शिफारस केली. जोलिएटचं कॉलेज मात्र हायस्कूलच्या छत्राखालीच होतं. ते स्वतंत्र झालं १९६७ मध्ये. म्हणजे सहासष्ट वर्षांनी! स्वतःचा मोठा कॅम्पस त्यानंतर आला. आज तिथे नर्सिंगपासून स्वयंपाककलेपर्यंत हजारो लोक शिकतात, आणि अमेरिकेतलं सर्वांत जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज म्हणून ते ओळखलं जातं.

तुम्ही म्हणाल, "सर, त्यांच्यामागे सरकारी शाळा होती. आपल्यामागे कोण?" बरोबर आहे. पण ज्यांच्यामागे आधार होता, तेसुद्धा सहा जणांपासून सुरू झाले. आपल्यामागे तर फक्त घरचं सोनं आहे. मग आपण किती जपून पाऊल टाकायला हवं?

लहान सुरुवात करायची म्हणजे कायम लहान राहायचं असं नाही. गिऱ्हाईक आधी, गाळा नंतर, एवढंच.

ताईंनी काय केलं? ओळखीच्या किराणा दुकानात एक रॅक मागितला. विक्रीवर कमिशन ठरवलं. तो मोक्याचा गाळा दुसऱ्या कुणीतरी घेतला. पण ताईंचे दागिने घरात आहेत, आणि रॅक दर शुक्रवारी पुन्हा भरावा लागतो.

आज रात्री गल्ल्याचा हिशोब झाला की वही उघडा. तुमची पहिली सहा गिऱ्हाइकं कोण, त्यांची नावं लिहा. सहा नावं सुचली नाहीत, तर गाळा बघायला जाऊ नका.