दोन नद्यांचं पंचांग

खंडेनवमीच्या सकाळी भोसरी एमआयडीसीत मशीनचा आवाज येत नाही, डिझेलने पुसलेल्या लोखंडाचा वास येतो. आदल्या पाळीतच कूलंटचे ट्रे रिकामे झालेले असतात, बेडवरचा लोखंडाचा चूर खरवडून काढलेला असतो. लेथच्या चकला झेंडूची माळ घातली जाते. व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने, हातोड्या स्वच्छ फडक्यावर मांडून त्यांना हळदकुंकू लागतं. दारात कोहळा फुटतो, पेढे वाटले जातात. एरवी गेटच्या आत पाऊल टाकायला बंदी असलेली कामगारांची बायकामुलं त्या दिवशी नटूनथटून शॉप फ्लोअरवर येतात. बाबा दिवसभर कुठे उभे असतात, हे पोरांना तिथे पहिल्यांदा दिसतं. माझ्या मते पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा सर्वांत मोठा सण हाच. गणपती आणि दिवाळी सगळीकडेच आहेत. हजारो गाळ्यांत एकाच दिवशी यंत्र थांबवून त्याला हात जोडणारा मुलूख महाराष्ट्रात फार ठिकाणी सापडणार नाही.

त्याच्या काही आठवडे आधी, 17 सप्टेंबरला, याच गाळ्यांत विश्वकर्मा पूजा झालेली असते. ती आली बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, बंगाल, ओडिशाच्या कारागिरांबरोबर. आपले बहुतेक सण तिथीने येतात. ही पूजा सूर्याच्या कन्या संक्रांतीला धरून असल्याने इंग्रजी तारखेलाच पक्की बसलेली आहे. मराठी परंपरेत विश्वकर्मा जयंती माघ शुद्ध त्रयोदशीला, आणि तीही सुतार-लोहार समाजात पाळली जाते. म्हणजे एका लेथला वर्षात दोनदा, कुठे तीनदा फुलं वाहिली जातात. मालक मराठी, फोरमन कन्नड आणि वेल्डर भोजपुरी असला की प्रसाद तिघांच्या पद्धतीचा होतो, आणि कुणालाच त्यात काही अडत नाही.

या पट्ट्याला संस्कृती नाही, नुसते पत्र्याचे शेड आणि ट्रॅफिक आहे, असं पुण्यातले लोक अजूनही म्हणतात. मला ते मान्य नाही. कारखान्यांचं वय इथे फार नाही. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये पिंपरीत उभी राहिली. 1962 मध्ये राज्यात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि त्या दशकात टेल्को, बजाज यांसारख्या कंपन्यांनी या माळरानाचा नकाशा बदलला. 1970 मध्ये नगरपालिका आणि 1982 मध्ये महानगरपालिका झाली. चाकणच्या माळावर मोठे वाहन कारखाने यायला तर नव्वदचं दशक सरत आलं. त्याआधी कित्येक शतकं पवनेच्या काठी मोरया गोसावींचं चिंचवड होतं, इंद्रायणीच्या काठी देहू आणि आळंदी होती. 1660 मध्ये शाइस्ताखानाच्या फौजेला दीड महिन्याहून अधिक काळ झुंजवणारा फिरंगोजी नरसाळ्यांचा संग्रामदुर्ग चाकणला होता. कारखाने आले ते या गावांच्या मधल्या रानात. गावांचं पंचांग त्यांनी पुसलं नाही. उलट कंपन्यांच्या सुट्ट्यांचा तक्ता त्या पंचांगाला वळवून घ्यावा लागला.

चैत्र पौर्णिमेला हिंजवडीत या. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या काचेच्या इमारती जिथे आहेत, त्याच गावाचं दैवत म्हातोबा. हनुमान जयंतीला म्हातोबाचं बगाड निघतं आणि हिंजवडीहून वाकडकडे जातं. मुळशीच्या डोंगरातलं बारपे हे देवाचं मूळ ठाणं मानतात आणि बगाडाचं लाकूड त्याच रानातून आणतात. मान ठरलेल्या घराण्यातला गळकरी निवडला जातो, त्याच्या पाठीत गळ टोचतात आणि त्याला बगाडाच्या उंच आडव्या लाकडावर चढवतात. गुलाल-भंडारा उधळत, ‘म्हातोबाच्या नावानं चांगभलं’ म्हणत हजारो लोक बगाडाबरोबर चालतात. गळ टोचण्याची ही रीत सगळ्यांना रुचेल असं नाही, मलाही ती बघवत नाही. पण जमिनी विकल्या, शेतं गेली, भाताच्या खाचरांवर टॉवर उभे राहिले, तरी गावकी कशावर टिकली या प्रश्नाचं उत्तर त्या बगाडामागे चालणाऱ्या गर्दीत आहे. मानाचं घर, पालखीचा खांदा, बगाडाचा दोर हे सातबाऱ्यावर नसतं, त्यामुळे ते विकता आलं नाही.

बैलगाड्याचंही असंच आहे. खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातली शर्यत म्हणजे चढाचा घाट, जुंपलेली बैलं, पुढे धावणारी घोडी आणि सेकंदांवर होणारा निकाल. खेड तालुक्यात निमगावच्या खंडोबाच्या यात्रेला हा घाट गजबजतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मे 2014 च्या निकालाने शर्यती थांबल्या. 2017 मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, 16 डिसेंबर 2021 ला न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने हा कायदा वैध ठरवला. बंदीच्या सात वर्षांतही इथल्या शेतकऱ्यांनी दावणीची खोंडं विकली नाहीत, खुराक चालू ठेवला, हे लक्षात घेतलं पाहिजे. 2022 मध्ये चिखलीच्या मैदानावर शर्यत झाली तेव्हा बक्षिसांत दुचाकी, ट्रॅक्टर आणि चक्क जेसीबी होता. मात्र अटी पाळल्या गेल्याच पाहिजेत. बैलाला चाबूक किंवा टोचणी लावणारा माणूस परंपरेचं नाव घेण्याच्या लायकीचा नाही.

एप्रिलमध्ये पिंपरीचा चौक निळा होतो. 11 एप्रिलची फुले जयंती आणि 14 एप्रिलची आंबेडकर जयंती जोडून महापालिका प्रबोधन पर्व भरवते. मराठवाडा आणि विदर्भातून आलेल्या कामगार वस्त्या त्या दिवसांत रात्रभर जाग्या असतात. याच शहराच्या शेजारी, देहूरोडला, 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या धर्मांतराला अजून जवळजवळ दोन वर्षं होती. दरवर्षी 25 डिसेंबरला तिथे मोठा मेळा भरतो. तुकोबा चिंतनाला बसत तो भंडारा डोंगर तिथून फार लांब नाही. नाताळच्या सुट्टीत लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मात्र यातलं काही ठाऊक नसतं.

फाळणीनंतर सिंधी निर्वासित पिंपरी कॅम्पात वसले. घरदार सिंधू नदीच्या काठी राहिलं, म्हणून त्यांनी पवनेलाच आपली नदी मानलं. चैत्रातल्या चेटीचंडला झुलेलालचा बहिराणा, म्हणजे दिवा, फळं आणि कलश असलेली मांडणी, वाजतगाजत निघतो आणि पाण्यावर जातो. पावसाळ्यात चालिहोचे चाळीस दिवस उपवास असतात. ओणमला निगडीच्या केरळी पद्धतीच्या मंदिरात गर्दी होते. इतरही किती जणांचं किती काही आहे, त्या सगळ्यांना इथे जागा देता येत नाही, पण शहराने ती दिली आहे.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकोबांची पालखी निघते आणि अष्टमीला आळंदीतून माउलींची. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. देहूतून निघाल्यावर पहिली अभंग-आरती होते ती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. दिंड्यांच्या या मार्गावर ही आरती इतकी सहज होते की तिच्याबद्दल कुणी वेगळं बोलत नाही, आणि हेच तिचं मोठेपण आहे. पुढे निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात स्वागत होतं आणि मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात. त्या रात्री आकुर्डीत झोप नसते. कामगार दुसरी पाळी संपवून थेट दर्शनाच्या रांगेत उभे राहतात. कुणी वारकऱ्यांची दाढी करून देतं, कुणी चपला शिवतं, कुणी पाय चेपतं, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पिठलं-भाकरीच्या पंगती बसतात. गावाकडे आईवडील वारीला जायचे आणि आपल्याला कंपनीमुळे जमत नाही, ही रुखरुख असलेला माणूस त्या दिवशी वारकऱ्याच्या पायावर पाणी घालतो. दुसऱ्या दिवशी पालखी पिंपरी, कासारवाडी, दापोडी करत पुण्यात जाते.

श्रावणात राज्यभर पोळा होतो, पण चाकण-मावळाकडे बैलपोळा बहुतेक गावांत भाद्रपद अमावास्येला असतो, सर्वपित्रीच्या दिवशी. भाताची कामं उरकल्यावरच इथल्या बैलाला उसंत मिळते. भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी मोरगावला जाते. ‘मोरया’ हा जयघोष मोरया गोसावींच्या नावाशी जोडला जातो, हे चिंचवडकर अभिमानाने सांगतात. मार्गशीर्ष वद्य षष्ठीला त्यांचा संजीवन समाधी महोत्सव असतो आणि पवनेकाठचं ते आवार कीर्तनाने, गाण्याने भरून जातं.

दिवाळी इथे बोनसने सुरू होते. 1965 च्या बोनस कायद्याने किमान 8.33 टक्के आणि कमाल 20 टक्के ही चौकट घातली, पण इथल्या मोठ्या कारखान्यांत युनियनचे करार हाच खरा विषय. करार झाला की गेटवर गुलाल उडतो, आणि त्याच संध्याकाळी चिंचवड-पिंपरीच्या बाजारात पाय ठेवायला जागा राहत नाही. मग वल्लभनगर स्थानकावर लातूर, नांदेड, बुलढाणा, जळगावच्या गाड्यांसाठी पोती-पिशव्या घेतलेली कुटुंबं दिसतात. वसुबारस ते भाऊबीज शहर निम्मं रिकामं होतं. कंत्राटी कामगाराला मात्र या बोनसमधला तुटपुंजाच वाटा मिळतो, कुणाकुणाला तोही नाही. एकाच लाइनवर शेजारी उभं राहून तोच नट पिळणाऱ्या दोन माणसांच्या दिवाळीत एवढं अंतर असावं, ही या पट्ट्याची लाज आहे.

गावी गेलेले परततात तोवर मोशीच्या इंद्रायणी घाटावर छठची तयारी झालेली असते. कार्तिक शुद्ध षष्ठीला मावळतीच्या आणि सप्तमीला उगवतीच्या सूर्याला कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून अर्घ्य दिलं जातं. सुपात ऊस, केळी आणि ठेकुआ, बायकांच्या नाकापासून भांगापर्यंत शेंदूर. पुढच्या पंधरवड्यात, त्याच नदीच्या खालच्या अंगाला, आळंदीत कार्तिकी भरते. वद्य अष्टमीला हैबतबाबा पायरीच्या पूजनाने सोहळा सुरू होतो, एकादशीला वारी आणि त्रयोदशीला माउलींचा संजीवन समाधी दिन. 1296 पासूनची ही आठवण आहे. आणि वर्ष सरता सरता, फाल्गुन वद्य द्वितीयेला, देहूत तुकाराम बीज. दुपारी बाराच्या ठोक्याला नांदुरकीच्या झाडाकडे लाखो डोळे लागतात आणि फुलांची उधळण होते.

बीज, कार्तिकी, छठ, चेटीचंड, विसर्जन, मोरयांची समाधी हे सगळं पाण्यापाशीच येऊन थांबतं. कुरवंडेच्या डोंगरात उगवलेली इंद्रायणी देहू, तळवडे, चिखली, मोशी करत आळंदीला पोचते. मोशीत ज्या पाण्यात अर्घ्य दिलं, त्याच पाण्यात पुढे वारकरी स्नान करतो. त्या पाण्यावर आळंदीत साबणासारखा पांढरा फेस तरंगतो, ऐन कार्तिकीतही. प्रक्रिया न केलेलं सांडपाणी आणि कारखान्यांतलं रसायन नदीत सोडल्याने हे होतं, हे आता लहान पोरालाही माहीत आहे. प्लेटिंग, पिकलिंग, पावडर कोटिंग करणाऱ्या गाळ्यातलं पाणी टँकरने प्रक्रिया केंद्रात जाण्याऐवजी रात्री नाल्यात गेलं, तर ते वाहून जातं थेट कुणाच्या तरी तीर्थात.

म्हणून या अंकाच्या वाचकांपैकी ज्यांचा गाळा आहे, जे देखभाल विभागात आहेत किंवा सोसायटीच्या कमिटीवर आहेत, त्यांना विनंती आहे. कार्तिकी तोंडावर आली आहे. आपल्या चेंबरमधून निघालेलं पाणी कोणत्या नाल्याला मिळतं ते या आठवड्यात स्वतः जाऊन बघा. चुकीच्या ठिकाणी जात असेल तर बंद करा, आणि शेजारचा सोडत असेल तर महापालिकेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा.