फायरवॉल सारखी ओरडतेय? बंद करू नका, आधी वाचा

घरच्याच कॉम्प्युटरवर बिलं, स्टॉक आणि उधारी कशी सांभाळायची, यावर आपण व्हिडिओ केला होता. त्यानंतर सगळ्यात जास्त लोकांनी एकच विचारलं. "दादा, कोपऱ्यात सारखं येतंय, इनकमिंग कनेक्शन ब्लॉक केलं म्हणून. माझा पीसी हॅक झाला का?"

हे माझ्याकडेही झालंय. आणि मी त्यात चूक केली होती, म्हणून आधी तेच सांगतो.

पाममध्ये माझं दुकान पुढे आणि घर मागे. कॉम्प्युटर एकच. ऐन मार्च एंडला हे अलर्ट सुरू झाले. गिऱ्हाईक समोर उभं, बिल काढायचंय आणि मध्येच लाल चौकोन! वैतागून मी फायरवॉलच बंद करून टाकली. दोन दिवस एकदम शांतता, मी खूश. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचं काम करणारा मित्र आला, त्याने बघितलं आणि मला चांगलाच झापला.

त्याचं म्हणणं साधं होतं. "ब्लॉक केलं" याचा अर्थ कोणीतरी दार वाजवलं आणि दार उघडलं नाही. म्हणजे वॉचमन काम करतोय. तू वॉचमनलाच घरी पाठवलंस.

आता अलर्ट वाचायचा कसा? त्यात बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात: कुठून आलं, कुठल्या दारावर आलं आणि कुठल्या प्रोग्रॅमसाठी आलं. "कुठून" म्हणजे आयपी ॲड्रेस. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर ते तुमच्याच घरातलं आहे. प्रिंटर, टीव्ही, मोबाईल, सीसीटीव्हीचा डीव्हीआर ही मंडळी वायफायवर एकमेकांना शोधत असतात. माझे निम्मे अलर्ट तर प्रिंटरचेच निघाले.

दार म्हणजे पोर्ट नंबर. एका कॉम्प्युटरला अशी ६५ हजारांवर दारं असतात, पण आपल्याला दोन लक्षात ठेवली तरी पुष्कळ. ४४५ हे फाईल शेअरिंगचं आणि ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे लांबून बसून आपला कॉम्प्युटर चालवायचं.

माझे उरलेले अलर्ट बाहेरच्या ॲड्रेसवरून ३३८९ वर येत होते. खरं तर न मागवलेलं काही आलं तर घरचा राउटर ते आत पाठवतच नाही. मग माझ्याकडे कसं पोचलं? आमचे अकाउंटंट बोईसरला घरून काम करतात. त्यांच्यासाठी नेट जोडणाऱ्याने राउटरमध्ये हे दार उघडून दिलं होतं. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात त्याला. मीच "करून टाक" म्हटलं होतं. ते दोन दिवस नुसत्या पासवर्डच्या भरवशावर गेले, आणि पासवर्ड होता दुकानाचं नाव आणि १२३. हसू नका, तुमचाही बघा.

"पण माझ्या एवढ्याशा दुकानात कोणाला काय मिळणार?" तुम्हाला ओळखून कोणी येतच नाही. जुन्या पद्धतीचे आयपी ॲड्रेस साधारण ४३० कोटी आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप नावाचा प्रोग्रॅम काढला. चांगलं नेट असेल तर तो एक दार सगळ्या ॲड्रेसवर ४५ मिनिटांच्या आत वाजवून बघतो. सगळी दारं वाजतात, त्यात तुमचंही.

आणि आतून आलेलं सगळंच साधं असतं असंही नाही. जून २०१७ मध्ये न्हावा शेवाला, जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क ग्रुपच्या टर्मिनलचं काम नॉटपेट्या व्हायरसमुळे अडकलं. हा व्हायरस युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला होता, मग नेटवर्कच्या आतल्या आत एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पसरत गेला. त्याचा एक रस्ता ४४५ हाच होता. मायक्रोसॉफ्टने त्या भोकाला ठिगळ मार्चमध्येच दिलं होतं. व्हायरस पासवर्डही चोरायचा, त्यामुळे नुसतं अपडेटही पुरलं नसतं. मर्स्कने जगभरातलं आपलं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं. म्हणून घरातलाच दुसरा लॅपटॉप सारखा ४४५ वाजवत असेल, तर त्याचं नेट काढा आणि आधी तो तपासा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साईटवर त्यासाठी फुकट टूल आहेत.

अजून एक. "ब्लॉक केलं" सांगणारा अलर्ट वेगळा आणि विंडोजचा "परवानगी देऊ का?" विचारणारा चौकोन वेगळा. त्या दुसऱ्या चौकोनात आपण घाईत दाबतो. प्रोग्रॅमचं नाव वाचा. आत्ताच तुम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर टाकलंय आणि दुसऱ्या काउंटरवरूनही ते चालवायचंय, तर फक्त प्रायव्हेट नेटवर्कला टिक करा, पब्लिकला नको. नाव ओळखीचं नसेल तर सरळ कॅन्सल. काही अडलंच तर परवानगी नंतरही देता येते.

मी राउटरमधलं ते दार त्याच दिवशी बंद केलं, पासवर्ड बदलला आणि अकाउंटंटना आता रोज संध्याकाळी बॅकअप फाईल पाठवतो. त्यांना थोडं कटकटीचं होतं, पहिला आठवडा कुरकुर केली त्यांनी. बाहेरचे अलर्ट थांबले. प्रिंटर अजून दार वाजवतो.