सीताबर्डीच्या दगडात काच का सापडत नाही?

नागपुरात काळा चकचकीत दगड सापडला, तर ज्वालामुखीच्या काचेआधी संशय धातू गाळताना उरणाऱ्या भट्टीतल्या स्लॅगवर घ्यावा. सीताबर्डीची टेकडी लाव्हाचीच, मग काच का नसावी, असे कुणी विचारेल. पण हा बेसाल्ट: सिलिका कमी, लाव्हा पातळ, त्यामुळे निवताना स्फटिक सहज जुळतात. काच धरलीच, तर थराच्या कडेला पापुद्र्याएवढी. आणि सुमारे 6.6 कोटी वर्षांत तिचीही बहुतांशी पाणी शोषून चिकणमातीची खनिजे होतात. लोणारच्या विवरात काच आहे, मात्र ती उल्काघाताने वितळलेल्या बेसाल्टची, आणि तिथल्या अभयारण्यातला खडा तिथेच राहिलेला बरा. हातातल्या दगडाची फुटलेली कड पाहा. काचेत दिसणाऱ्या शिंपल्यासारख्या वळ्या गारगोटीतही दिसतात, पण गारगोटीवर पोलादी चाकूचा ओरखडा उठत नाही. आत गोल बुडबुडे किंवा लोखंडाचे कण दिसले, तर तो बहुधा स्लॅगच समजा.